गहूभर पुढं, तांदूळभर मागं

नंदीचं ठावं हाय न्हवं तुला, भाच्या?
रंकाळ्याकडं तोंड करून बसलाय त्यो.
वर्साला गहूभर पुढं सरतो,
तांदूळभर मागं येतो.
पाण्याला टेकला की जगबुडी.
आमी ल्हान असताना सुतळीनं मापायचो
आन् दर वर्सी सुतळीच हरवायची.

तसाच मी बी बसलो हुतो एकदा, पाण्याकडं तोंड करून.
फ्रान्सात. दर्याच्या काठाला.
अंगात जर्मनचा कोट, बाहीवर वाघ,
डोक्यावर चार हात काँक्रीट,
पुढ्यात एक फट, हातभर रुंद, वीतभर उंच.
तेवढ्यात सगळा दर्या मावायचा.

कसा गेलो म्हणतोस?
तोब्रूकला धरलं. हात वर केलं.
तारंच्या आत दिवस काढलं, भाकरीचं सपान बघत.
मग कुणीतरी येऊन बोललं, आपल्या मुलखासाठी.
खरं सांगू? एक कान मुलखाकडं हुता,
दुसरा सैपाकाच्या भांड्याकडं.
त्यातलं कुठलं किती,
आजून येगळं काढता येत न्हाई मला.

काम म्हंजे ओहोटी लागली की पळायचं,
टोकाला सुरुंग बांधलेला वासा
वाळूत उभा करायचा, आन् पुढला खड्डा धरायचा.
पंचगंगंच्या मळीत ऊस लावलेली माझी बोटं,
सरीचं अंतर आपसूक धरायची.
कुर्ट म्हणून म्हातारा हवालदार हुता, पोटाचा दुखणाईत.
म्हणाला, हिंदुरावाची रांग लई सरळ.
काय बोलू त्येला?
उसाला पाणी लागतं.
ह्या पिकाला माणूस लागतो.

रातच्याला फटीला डोळा लावून भियायचो,
ते गोळ्याला न्हाई.
समोरनं व्होडी येईल, फळी पडंल,
आन् गुडघाभर पाण्यातनं चालत
आमच्या तालमीतला दौलू येईल,
माझ्याच पलटनीतला, त्या दिशी निसटलेला.
"हिंद्या, तू हितं?" म्हणंल.
तवा बोट कुठं ठेवायचं,
घोड्यावर का तोंडात?

मिरगाच्या आदल्या दिशी फोन वाजला.
आले म्हणं. मायंदाळ आले.
पर हितं न्हाई. वर, उत्तरंला, लई लांब.
कुर्टचा पोरगा तिकडंच हुता.
त्यानं फोन ठेवला, तरी हात कानालाच.
आमच्या दर्यावर कोळ्याची एक फळीसुदीक न्हाई.
माझ्या सरळ रांगंवर पांढरी पाखरं,
एका वाश्यावर एक.
मला सुटल्यागत झालं,
मग कुर्टकडं बघवंना.

सांजंला त्यानंच इचारलं, तुमच्याकडं दर्या हाय?
म्हटलं, तळं हाय. नंदी हाय.
मोडक्यातोडक्या जर्मनीत गोष्ट लावली.
गव्हाला शबूद येत हुता, पावामुळं.
तांदळाला काय म्हणत्यात ते कुणी शिकवलंच नव्हतं.
म्हणून माझा नंदी नुसताच पुढं आला,
वर्साला गहूभर, वर्साला गहूभर,
मागं सरंचना.
कुर्ट लई येळ गप बसला.
मग म्हणाला, पोचला की सांग.

श्रावणात तिथनं निघालो.
पाठीमागनं झाडीतनं गोळ्या,
पुढं कुणालाच वाट म्हाईत न्हाई.
कुर्टला एका गाडीत घातला, पोट धरून.
त्येचा पोरगा गावला का, कळलं न्हाई.
आन् दौलू?
हाय की. पेन्शन घेतो. दसऱ्याला सोनं द्यायला येतो.
मी कुठं हुतो ते त्यानं कवा इचारलं न्हाई,
मी बी त्येला सांगितलं न्हाई
की रोज रातच्याला त्यो पाण्यातनं यायचा.

इंग्रजाच्या कागदात मी फितूर,
जर्मनच्या कागदात उसना,
जी लढाई माझ्या काठाला आलीच न्हाई
तिचा शिपाई.
तुझ्या मामीनं एकदाच म्हटलं,
दोन सरकारांची भाकरी खाल्ली
आन् एकाचा बी रुपाया न्हाई!
तिचं बरुबर हुतं.

ती बघ, हंसाची व्होडी काठाला लागली.
पोरगं उतरतंय, चप्पल हातात.
दे त्येला शेंगा, माझ्या ह्या खिशात हायत्या.
मला हात घालाय येत न्हाई अशा वक्ताला,
जड होतो.

आन् ही घे सुतळी.
ते टोक पाण्याला लाव.
मी हितंच बसतो, नंदीपाशी.